सहाव्या तासाची गुणगुण

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी, मधल्या सुट्टीनंतरच्या सहाव्या तासाला, नववी ब चा वर्ग गुणगुणू लागला. इतिहासाचा तास होता. एकाही विद्यार्थ्याचे तोंड उघडे नव्हते. आवाज घंटा होईपर्यंत चालला.

शाळा राळेगाव तालुक्यातल्या एका गावात आहे; संस्थेची, अनुदानित. मी तिथे जूनमध्ये शिक्षणसेविका म्हणून रुजू झाले होते. त्याआधी यवतमाळला एका दैनिकाच्या डेस्कवर होते. डेस्कवरच्या माणसाला गोंगाटाची सवय असते. फोन वाजत असतात, शेजारच्या टेबलावर भांडण चाललेले असते आणि तो बातमी वाचत राहतो. वर्गातला गोंगाट आपल्याला जड जाणार नाही, असे मी धरून चालले होते. गुणगुण गोंगाटात मोडत नाही, हे तोवर माहीत नव्हते. इथे मुलांची आणि शिक्षकांची नावे बदलून लिहिली आहेत.

तोंड मिटून गुणगुणणे ही शिक्षकाला जेरीस आणण्याची जुनी पद्धत आहे. आवाज नाकातून येतो. गुणगुणणारा पुस्तकात पाहत असतो, कधी लिहितही असतो. शिक्षक ज्या बाकाकडे चालत जातो तिथला आवाज बंद होतो आणि त्याच्या पाठीमागे सुरू होतो. तो वळला की पुन्हा पाठीमागे. थोड्या वेळाने आवाज आपल्याच कानात आहे असे वाटू लागते. त्या सोमवारी मला तसे वाटले. खिडकीबाहेर मैदानावर कडुनिंबाची सावली लांबत होती. मैदानापलीकडे कापसाची शेते होती. वाऱ्याबरोबर तिथले तंतू उडून आत येत, उन्हाच्या पट्ट्यात दिसत आणि सावलीत गेले की नाहीसे होत. आवाज त्यांच्यासारखाच होता. हळूहळू खाली उतरायचा, थांबायचा, आणि थांबला होता तिथूनच पुन्हा उठायचा. सूर सिनेमातल्या गाण्याचा नव्हता. भजनाचाही नव्हता. मी फळ्यावर लिहिलेले वाक्य अर्धे राहिले होते, हे घंटा झाल्यावर लक्षात आले.

नववी ब मध्ये तीन ठिकाणची मुले येत. गावातली, तीन किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यातली आणि जंगलाच्या कडेच्या कोलामांच्या पोडावरची, म्हणजे आदिवासी पाड्यावरची. गावातली मुले खिडकीच्या बाजूला बसत, तांड्यातल्या मुली डावीकडे मागे, पोडावरची मुले दाराजवळ. ही व्यवस्था कोणी ठरवून दिलेली नव्हती. आधीच्या वर्गशिक्षकांनी जूनमध्येच हा वर्ग नको असे सांगितले होते. मी नवीन होते, म्हणून तो माझ्याकडे आला. शाळांमध्ये अवघड वर्ग असेच खाली घरंगळत येतात.

डिसेंबर हा कापूस वेचायचा महिना. उजाडले की मुले शेतात असतात. दव पडलेल्या झाडांमधून वेचतात, साडेदहाला घरी येऊन तोंड धुतात, अकराच्या घंटेला शाळेत. बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी बोटे ओरखडलेली असतात, त्यामुळे पेन धरताना दुखते. आठवीपर्यंत शाळेत खिचडी मिळते, नववीला मिळत नाही. ही मुले डबा आणतात, तो मधल्या सुट्टीत संपवतात, आणि मग सहावा तास लागतो. त्या तासाला वर्गात येणारा शिक्षक एका मोठ्या झोपेच्या काठावर उभा असतो. बाक, वह्या, नकाशा, सगळेच पेंगत असते. जागे राहायचे तर शिक्षकालाही प्रयत्न करावा लागतो.

गावातला गौरव ढोले उघड्या डोळ्यांनी झोपायचा. हे मला कळायला दोन महिने गेले. तो समोर पाहत असे, मधूनमधून मानही हलवत असे, म्हणून मी त्याला वर्गातला सर्वांत लक्ष देणारा मुलगा समजत होते. एकदा त्याच्याजवळ जाऊन प्रश्न विचारला, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहतच उत्तर दिले, "आई, पाच मिनिटं." वर्ग हसला. तो जागा झाला आणि काय झाले म्हणून शेजाऱ्याला विचारू लागला.

ही गोष्ट मी शिक्षकखोलीत मेश्राम मॅडमना सांगितली. त्या गणित शिकवत, निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती. त्यांच्या वर्गात कधी आवाज चढल्याचे ऐकू आले नव्हते. मी त्यांना युक्ती विचारली. त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वर्ग असं काही नसते, बाई. एकेक पोट्टं असते. तुमी वर्गावर ओरडून राह्यल्या. वर्गाले कान कुठी असतेत?" त्यांचे म्हणणे असे, की ओरडण्याऐवजी नाव घ्यावे, तेही हळू, आणि नाव घेऊन पुढचा शब्द शिकवण्याचाच बोलावा. मुलाला वाटते आपल्याला पाहिले. बाकीच्यांना वाटते पुढचे आपले. मी तसे करू लागले. ऑक्टोबरपासून वर्ग बराच हाताशी आला होता. मग गुणगुण आली. तिच्यासाठी कोणाचे नाव घ्यायचे तेच कळत नव्हते.

पहिल्या आठवड्यात मी जे केले ते सगळ्या नव्या शिक्षकांनी केलेले असते. वर्गाला उभे केले. उभा वर्ग गुणगुणला. सुट्टी कापीन म्हटले, आणि कापली. मौन बसवले. डोळे मिटून, हात बाकावर ठेवून सगळे बसले, आणि त्या शांततेत तो सूर इतका स्पष्ट आला की मी स्वतःच थोडा वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. घोडचूक म्हणावी ती त्यानंतरची. शनिवारी मी वर्गाची बैठक बदलली. बी.एड.ला शिकवले होते की खोडकर गट फोडावा. आवाज डाव्या कोपऱ्यातून निघतो एवढे कळले होते, म्हणून तांड्यातल्या पाच मुली पाच दिशांना बसवल्या. एक खिडकीशी, एक दाराशी, एक अगदी माझ्या टेबलासमोर. रोशनी राठोडला गौरवच्या पुढच्या बाकावर बसवले.

सोमवारी सहाव्या तासाला गुणगुण पाच दिशांनी आली. आधीपेक्षा मोठी होती. एकीकडून सुरू व्हायची, मधेच तुटायची, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून तिचा पुढचा भाग यायचा, जसे अंधारात कोणी एकमेकांना हाका मारत शेतातून चालले आहे. आवाज एका कोपऱ्यात होता, तो मी सगळ्या वर्गात नेऊन बसवला होता.

त्या दिवशी मुख्याध्यापक गावंडे सर व्हरांड्यातून जात होते. ते दारात थांबले. त्यांना वर्गात शिकवून पंचवीस वर्षे झाली होती. माझ्यासारखे ते इकडेतिकडे फिरले नाहीत. उभे राहून सगळ्यांच्या गळ्यांकडे पाहत राहिले. मग रोशनीला बाहेर बोलावले.

रोशनी उंच, सावळी, वर्गात उत्तरे न देणारी पण चाचणीत बरे गुण घेणारी मुलगी. तिने नाही म्हटले नाही. सरांनी दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना बोलावले आणि माझ्यासमोर सांगितले की महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी शाळेची तपासणी आहे, तालुक्याहून अधिकारी येणार आहेत, आणि तोवर किंवा त्या दिवशी ही गुणगुण पुन्हा ऐकू आली तर शाळा मुलीला दाखला देईल. बाहेरच्या वाचकासाठी सांगायचे तर आठवीपर्यंत शाळेला मुलाला काढता येत नाही, कायदा आहे. नववीत ते छत्र राहत नाही. दाखला घेऊन जा, असे म्हणता येते आणि म्हटले जाते.

रोशनीचे वडील दाराशी उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. ते चिडले नाहीत, मुलीला बोललेही नाहीत. दुसऱ्या शाळेला दोन बस बदलाव्या लागतात आणि संध्याकाळची बस कधी येते कधी नाही, हे त्यांनी सांगितले. मग म्हणाले, "तुमी दाखला देसान तं घ्यावाच लागन, सर. मंग ते घरीच राहीन." एवढे बोलून त्यांनी नमस्कार केला. रोशनी त्या वेळी भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशाकडे पाहत होती.

डेस्कवर एक नियम होता. एका माणसाने सांगितले म्हणून छापायचे नाही, दुसऱ्याकडून खात्री करायची. गावंडे सरांनी गळा हलताना पाहिला होता. कशासाठी, हे कोणालाच माहीत नव्हते. मी रोशनीला दोनदा विचारले. ती "काही नाई, मॅडम" म्हणाली. शेवटी टेबलासमोर बसवलेली तिची मैत्रीण, कविता आडे, पाणी प्यायला आली असताना म्हणाली, "मॅडम, रविवारी वावरात या. तिथी सांगता येते. इथी नाई सांगता येत."

रविवारी सकाळी मी राळेगावहून पहिल्या बसने तांड्याच्या फाट्यावर उतरले. धुके होते. रस्ता संपून पांदण सुरू झाली, तिथून पुढे दहा पावलांवरचे दिसत नव्हते. मी आवाजाच्या दिशेने गेले, कारण आवाज ओळखीचा होता. सहाव्या तासाचाच सूर, पण इथे त्याला शब्द होते. जवळ गेल्यावर पांढऱ्या धुक्यात पांढरा कापूस आणि त्यात वाकलेल्या बायका दिसू लागल्या. पुढे एक म्हातारी होती, अंगावर आरसे लावलेली जुनी ओढणी, कमरेला कापसाचे फडके. ती रडत होती. रडण्याचा आवाज गळा भरून येत होता, लांबत होता, आणि तिचे हात बोंडांवरून एकसारखे चालले होते. डोळे कोरडे होते. तिच्यामागे पाच मुली आपापल्या ओळीत वेचत चालल्या होत्या. म्हातारी एक कडवे रडायची, थांबायची. मग मागून एक मुलगी तेच कडवे रडायची. पुढच्या कडव्याला दुसरी.

ती रोशनीच्या वडिलांची आई. तांड्यात सगळे तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. मला पाहून ती थांबली नाही. ओळ संपवून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन बसली तेव्हा रोशनीने सगळे सांगितले. शाळेत पाच महिन्यांत जेवढी बोलली नव्हती तेवढे त्या धुऱ्यावर बोलली.

तिची मोठी बहीण सुनीता पुण्याकडे एका कंपनीत कामाला होती, चौथे वर्ष. तिचे लग्न ठरले होते, डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी. बंजारा नवरी घर सोडताना जे रडते ते गाऊन रडते. त्याला ढावलो म्हणतात. आई, बाप, भाऊ, घरचे बैल, पाणवठ्याची वाट, एकेकाचा निरोप घेत ते चालते, आणि ते शिकावे लागते. आता बहुतेक लग्नांत डीजे असतो, ढावलो कोणी मागत नाही. सुनीताने मागितले होते. पण ती लग्नाच्या आठवडाभर आधी येणार होती, आणि लग्न ठरलेल्या मुलीने शेतात यायचे नाही हा याडीचा नियम होता. घरात शिकवायला याडी तयार नव्हती. लग्नाआधी घरात रडू नये. मोबाइलमध्ये भरून ठेवू का, असे रोशनीने विचारले होते.

याडी म्हणाली, "रडनं डब्ब्यात ठेवत नाई."

म्हणून पाच मुलींनी ते वाटून घेतले होते. रोज सकाळी वेचताना याडी प्रत्येकीला तिच्या वाट्याचे थोडे पुढचे देई. संध्याकाळी तांड्याबाहेर पाचही जणी एकत्र बसून ते जोडत, आणि सुनीता आली की तिला देणार होत्या. सकाळ आणि संध्याकाळ यांच्या मध्ये शाळा होती. पहिले पाच तास सूर डोक्यात राहत असे. सहाव्या तासाला झोप येई, आणि झोपेबरोबर तो निसटू लागे. मग एकीने आपला तुकडा नाकातल्या नाकात धरायचा, तो ऐकून पुढचीने आपला. शेजारी शेजारी बसत तेव्हा हे जवळजवळ श्वासावर भागत होते. मी त्यांना खोलीभर पांगवल्यावर ऐकू जावे म्हणून आवाज वाढवावा लागला.

दाखल्याचे काय, असे मी विचारले. रोशनी फडक्यातला कापूस दाबत होती.

"मॅडम, मले शाळा सोडाची नाई. पण मी चूप राह्यली का माह्यी ओळ जाते. मंग कविताले पुढचं धरताच येत नाई."

कविता म्हणाली की सगळ्यात कठीण रोशनीचाच तुकडा आहे, भावाचा. त्यात सूर तीनदा वळतो. याडीने मला विचारले की मी कुठली, घरी कोण, माझे लग्न झाले तेव्हा मी रडले होते का. मी हो म्हटले. कसे, असे तिने विचारले. नुसतेच, असे मी सांगितले. तिने मान हलवली, जशी स्वयंपाक न येणाऱ्या मुलीकडे पाहून हलवतात, आणि उठून पुढच्या ओळीला लागली. धुके विरत होते. मी थोडा कापूस वेचला. याडीने तो पाहिला आणि त्यातला पाचोळा काढून टाकला.

सोमवारी मी गावंडे सरांना कळलेले सगळे क्रमाने सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकले. ते वाईट गृहस्थ नव्हते. मुलींना शाळेत ने-आण करणारी सरकारी निळी बस बंद पडली तेव्हा आठवडाभर स्वतःच्या गाडीने मुलींना फाट्यापर्यंत सोडत होते. पण संस्थेच्या अध्यक्षांना आणि तपासणीला तेच तोंड देणार होते. म्हणाले, "तुमचं सगळं खरं असन, मॅडम. पण तपासणी गाणं ऐकाले नाई येऊन राह्यली. त्या शुक्रवारी आवाज आला तं मी शब्द देला तसंच करीन. एकदा बोललो का बोललो."

मी वर्गाची बैठक पहिल्यासारखी केली. पाचही जणी डाव्या कोपऱ्यात परत गेल्या. आणि सहाव्या तासाची पहिली दहा मिनिटे सगळ्या वर्गाने बाकावर डोके टेकून झोपायचे, असे ठरवले. त्या वेळात डाव्या कोपऱ्याला गुणगुणण्याची मुभा होती, पण व्हरांड्यात जाणार नाही एवढ्याच आवाजात. दार मी लोटून घेत असे. कुठल्याही प्रशिक्षणात हे शिकवत नाहीत आणि कोणाला विचारून मी ते केले नव्हते. मेश्राम मॅडमना मात्र सांगितले. त्या म्हणाल्या, "झोपू द्या. झोपलेल्या पोट्ट्याइतकं शिस्तीचं काही नाई."

त्या दोन आठवड्यांतले सहावे तास मला घटनांसारखे आठवत नाहीत. एकच लांब दुपार असल्यासारखे आठवतात. बाकांवर टेकलेली डोकी, तेलाचा आणि कापसाचा वास, मैदानावर कोणीतरी विसरलेला चेंडू, आणि कोपऱ्यातून पाण्यासारखा पसरणारा तो सूर. दहा मिनिटांनी मी एकेकाचे नाव घेई, हळू, आणि मुले एकेक करून वर येत. काहींच्या गालावर बाकाच्या फटीची रेघ उमटलेली असे. मग धडा सुरू होई. त्या पंचवीस मिनिटांत जेवढा इतिहास झाला तेवढा आधी पूर्ण तासात होत नव्हता. पोडावरचा एक मुलगा, जो कधी बोलत नसे, त्याने एकदा मला सांगितले की वर्गातली झोप घरच्या झोपेपेक्षा चांगली लागते. गौरव ढोले पहिल्यांदाच डोळे मिटून झोपत होता.

तपासणीच्या शुक्रवारी अधिकारी सकाळी येणार होते. रांगोळी काढलेली होती. ते आले तेव्हा मधली सुट्टी लागत होती. जेवण झाले आणि गावंडे सर त्यांना घेऊन थेट नववी ब कडे आले. सहावा तास नुकताच लागला होता. दहा मिनिटांची झोप त्या दिवशी द्यायची नाही, हे मी आधीच सांगितले होते. डाव्या कोपऱ्यातल्या मुलींनी ओठ दातांखाली धरले होते. रोशनीला मी उभे करून धडा वाचायला सांगितले. मोठ्याने वाचणाऱ्या मुलीला गुणगुणता येत नाही, एवढाच त्यात विचार होता.

अधिकारी मागच्या बाजूला खुर्चीवर बसले. सर दारापाशी उभे राहिले. रोशनी वाचत होती. आवाज स्पष्ट होता, थोडा पातळ. बाहेर ऊन पडले होते, तंतू आत येत होते. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. पान उलटले गेले.

आणि गुणगुण सुरू झाली.

सरांनी मान झटकन डावीकडे वळवली. पाचातल्या चौघी ओठ धरून, भिऊन एकमेकींकडे पाहत होत्या. पाचवी उभी होती आणि तिचे तोंड उघडे होते, त्यातून शब्द येत होते. सूर उजवीकडून, खिडकीच्या बाजूने येत होता. भावाचा तुकडा होता. तीनही वळणे बरोबर घेतली जात होती. रोशनी एका स्वल्पविरामावर नेहमीपेक्षा जास्त थांबली. मग पुढे वाचू लागली.

गौरव ढोले समोर पाहत बसला होता. डोळे उघडे होते.

अधिकाऱ्यांनी विचारले, हे कोण करते आहे. मी जाऊन गौरवचे नाव घेतले, हळू. तो उभा राहिला.

"मी करून राह्यलो काय, मॅडम?"

"हो."

"मले मालूमच नाई पडलं."

अधिकाऱ्यांनी गाणे कोणते आहे ते विचारले. गौरवने डोके खाजवले. "गाणं नाई, सर. लग्नातलं रडनं हाय. तांड्यातलं." तुला कुठून येते, या प्रश्नावर तो म्हणाला, "येत नाई, सर. झोपेत येते." मागून कोणीतरी हसले, मग सगळेच हसले, आणि अधिकारीही हसले. त्यांनी गौरवला बसायला सांगितले आणि रोशनीला पुढे वाच म्हणाले. चहाच्या वेळी ते इतकेच बोलले, की खिडक्यांना जाळ्या बसवून घ्या, कापूस फार येतो.

शनिवारी गावंडे सरांनी मला कार्यालयात बोलावले. टेबलावर काही नव्हते. गौरवचे वडील गावातले मोठे शेतकरी, संस्थेच्या अध्यक्षांच्या घरचे. गौरवला दाखला देण्याचा प्रश्न कोणी काढला नाही, सरांनीही नाही. त्यांनी उठून दार लोटून घेतले. मग म्हणाले, "ढोलेच्या पोराले सोडलं. आता राठोडच्या पोरीले धरलं तं मले उद्यापासून परिपाठाले उभं राह्यता येईन काय?" तिच्या वडिलांना निरोप सांगा, असे म्हणाले. मी विचारले, काय सांगू. "शाळेत पाठवा म्हना," असे त्यांनी सांगितले.

निरोप घेऊन मी रविवारी लग्नालाच गेले. मांडव शेताच्या कडेला होता. डीजेवाले वायरी जोडत होते, त्यांना थोडा वेळ थांबायला सांगितले होते. सुनीता मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली आणि गाऊ लागली. तिच्या मागे पाच मुली उभ्या होत्या. ती अडली की जिची ओळ तिचा आवाज पुढे येई. याडी समोर बाजेवर बसली होती. तिचे डोळे या वेळी कोरडे नव्हते. शब्द मला कळत नव्हते. भावाचा तुकडा आला तेव्हा कळला. जेवणाच्या पंक्तीत गावातली काही मुले होती, सायकलींवर आलेली. त्यांतल्या गौरवने पत्रावळीवरून मान वर केली आणि पुन्हा जेवू लागला. रोशनीच्या वडिलांना मी निरोप दिला. त्यांनी माझ्या पानात आणखी एक बुंदीचा लाडू वाढला.

त्यानंतर सहाव्या तासाला गुणगुण झाली नाही. दहा मिनिटांची झोप मी जानेवारीत बंद केली, वेचणी संपत आली होती. काही दिवस वर्ग इतका शांत असे की मी बोलता बोलता थांबून ऐकत राही. एप्रिलमध्ये परीक्षा झाल्या. त्या उन्हाळ्यात मेश्राम मॅडमनी माझ्याकडे आणखी एक अवघड वर्ग येणार असल्याचे कळवले, आणि तो आला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळा उघडली. दहावी ब ची पहिली हजेरी मी घेतली. रोशनी राठोड हजर होती.